आईसाठी नाताळची भेट : बाराशे रुपयांतली एक निवड

नाताळला आईला काय द्यायचे, याचा विचार मी दरवर्षी दिवाळी संपता संपताच सुरू करते, कारण डिसेंबर उजाडला की पैशांना आणि वेळेला एकदमच पाय फुटतात. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. वडील मुरगाव बंदरात नोकरीला लागले, आमचे बिऱ्हाड वास्कोला आले आणि तिथलेच होऊन गेले. आता वडील नाहीत. आई भाऊ-वहिनीबरोबर वास्कोला राहते, मी लग्नानंतर पणजीत असते आणि एका शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. नाताळचा खर्च आमच्याकडे दोन्हीकडून येतो. करंज्या, अनारसे, शंकरपाळे हा आमचा नगरकडचा फराळ व्हावाच लागतो, आणि शेजाऱ्यांकडून दोदोल, कुलकुल, बेबिंक यांनी भरलेली ताटे आली की तीही रिकामी परत पाठवता येत नाहीत. त्यात दारावरचे नक्षत्र, मुलांचे कपडे आणि मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चची, वर्गणी आलीच.

म्हणून या वर्षी आईच्या भेटीसाठी मी १,२०० रुपये आधीच वेगळे काढले. भेटीची रक्कम ठरवावी आणि मगच वस्तूकडे वळावे, या मताची मी आहे. वस्तू आधी मनात भरली की रकमेची मर्यादा हळूहळू सैल होत जाते, आणि आपल्या भेटीसाठी लेकीने कुठेतरी ओढाताण केली आहे हे आईला कळले, तर ती वस्तू तिला कधीच आनंदाने वापरता येणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

आईला विचारले तर ती "मला काही नको, तुम्ही सगळे उपासनेला वेळेवर या," एवढेच म्हणते, आणि ते ती मनापासून म्हणते. तेव्हा तिच्याकडून उत्तर काढण्याचा प्रयत्न मी केला नाही. रविवारची उपासना आटोपल्यावर दिवसभर तिच्याकडेच थांबायचे आणि ती कोणत्या कामात अडते, कुठे हात थांबवते, काय नसल्यामुळे वेळ मारून नेते, हे शांतपणे पाहायचे, असे मी ठरवले. वहिनीला मात्र विश्वासात घेतले, कारण आईचे रोजचे दिवस तिच्या डोळ्यांसमोर जातात.

मनात आधीच आलेल्या काही वस्तू होत्या, त्या एकेक करून बाजूला झाल्या. कुणबी साडी द्यावी असे फार वाटत होते. लाल चौकड्यांची ही सुती साडी गोव्यातल्या कुणबी-गावडा बायकांची. मागे पडत चाललेल्या या विणीला वेंडेल रॉड्रिक्स या गोमंतकीय डिझायनरने पुन्हा लोकांसमोर आणले. पण खऱ्या हातमागावरची साडी माझ्या रकमेत बसणारी नव्हती, आणि यंत्रावर छापलेल्या चौकड्यांची स्वस्त नक्कल आईला द्यावी असे मला वाटेना. ज्या वस्तूचे मोल तिच्या विणीत आहे, ती विणीशिवाय घेण्यात अर्थ नाही. पणजीत हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेझो फरशा मिळतात, त्यातली एखादी लहान फरशी रकमेत बसली असती. पण आईच्या खोलीची भिंत नातवंडांच्या फोटोंनी भरलेली आहे आणि त्यातला एकही ती उतरवणार नाही. गोडाधोडाचा प्रश्नच नव्हता, कारण तिला मधुमेह आहे. नाताळात दुकानादुकानांतून दिसणाऱ्या तयार भेट-टोपल्या मी पाहिल्या, पण अशा टोपलीच्या किमतीतला मोठा हिस्सा टोपली, चकचकीत कागद आणि फीत यांचा असतो, आणि आत आलेल्या वस्तू आपण एरवी घेतल्या नसत्या अशाच असतात. थोड्या पैशांत भेट घेणाऱ्याने हा मार्ग टाळावा, असे मी स्पष्टच सांगेन.

स्वयंपाकघरात काही उणे नव्हते. वहिनीने ते घर उत्तम लावले आहे आणि तिथे भर घालणे म्हणजे तिच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करणे झाले असते.

खरे उत्तर संध्याकाळी सापडले. आई गेली कित्येक वर्षे क्रोशाचे काम करते. ते तिला शेजारच्या आंटींनी शिकवले, आणि आंटी ते लहानपणी कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकल्या होत्या. गोव्यातल्या जुन्या घरांत उशांच्या अभ्र्यांना, टेबलावरच्या रुमालांना, घरातल्या वेदीवरच्या कापडाला क्रोशाची झालर दिसते, ती अशाच हातांहातांतून आलेली आहे. या वर्षी आईने मंडळीतले एक काम अंगावर घेतले होते : प्रभुभोजनाच्या मेजावर, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारसाचा विधी होतो त्या मेजावर, नाताळात घालायच्या पांढऱ्या आच्छादनाची झालर. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, मेजावर जांभळे कापड असते आणि नाताळला ते बदलून पांढरे येते. जुन्या पांढऱ्या आच्छादनाची झालर पिवळी पडून जागोजागी उसवली होती, आणि नवी करून देईन, असे आईने पाळकांना सांगितले होते.

ती संध्याकाळचे सात वाजले की पुढच्या खोलीतल्या आपल्या खुर्चीत बसायची, आणि थोड्याच वेळात हातातले काम डोळ्यांजवळ नेऊन पाहायची, मग पुन्हा खाली, मग पुन्हा वर. अधूनमधून सुई मांडीवर ठेवून उजव्या अंगठ्याचे मूळ डाव्या हाताने चोळायची. वहिनी म्हणाली, "ताई, त्या हल्ली रात्री जास्त वेळ बसत नाहीत. चार टाके घालतात आणि तीन उसवतात." चष्मा तर गेल्याच पावसाळ्यात तपासून नवा केलेला होता, म्हणजे अडचण नंबराची नव्हती. मी तिच्या खुर्चीत स्वतः बसून पाहिले तेव्हा कारण समोर आले. खोलीतला एकुलता दिवा खुर्चीच्या मागच्या भिंतीवर उंच आहे, त्यामुळे बसणाऱ्याच्या डोक्याची आणि खांद्याची सावली नेमकी हातातल्या कामावर पडते. माझ्या डोळ्यांना ते चालून गेले. तिच्या डोळ्यांना चालणार नव्हते.

वयाबरोबर बाहुली लहान होते, तिची उघडझाप मंदावते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते. साठीच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच असतो, आणि आई तर सत्तरीच्या पुढची आहे. म्हणजे आपल्याला पुरेसा वाटणारा उजेड वयस्कर माणसाला अंधुकच असतो, आणि नव्या चष्म्याने ही उणीव भरून निघत नाही. तिच्यासाठी उजेड वाढवावा लागतो, किंवा तो जवळ आणावा लागतो. जवळ आणणे फार स्वस्त पडते. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की कामावर पडणारा उजेड जवळजवळ चौपट होतो; हा नियम मी वर्गात दरवर्षी शिकवते. छतावर मोठा दिवा बसवून घेण्यापेक्षा हाताजवळ चार-पाच वॅटचा छोटा एलईडी दिवा ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे होते, आणि त्यासाठी भिंतीत वायर ओढण्याचीही गरज नव्हती.

तेव्हा भेट ठरली : वाकत्या मानेचा टेबलदिवा, जाड मुठीची क्रोशाची सुई आणि झालर पूर्ण होईल एवढा दोरा. तिन्ही मिळून बाराशेच्या आत.

दिव्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पणजीत १८ जून रस्त्यावरच्या दुकानांत आणि वास्कोत घराजवळ असे तिन्हीकडे पाहिले. बाजारातले दिवे स्वस्त होते, पण त्यांच्यावर कुणाचे नाव नव्हते, आणि आत बॅटरी असलेली वस्तू निनावी घेणे मला मान्य नव्हते. एलईडी दिव्यांचे अनेक प्रकार आणि त्यांत वापरल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्या यांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी करून घेणे उत्पादकांना बंधनकारक आहे, आणि नोंदणी झालेल्या वस्तूवर 'आर' या अक्षराने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. खोक्यावर हा क्रमांक, कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना आणि तक्रारीसाठी पत्ता या गोष्टी आहेत की नाहीत, हे मी आधी वाचत असे आणि मगच दिवा हातात घेत असे.

पुढची तपासणी उजेडाच्या रंगाची. खोक्यावर केल्विनमध्ये आकडा लिहिलेला असतो : ३,००० च्या आसपासचा उजेड पिवळसर, ६,५०० चा निळसर पांढरा, आणि ४,००० चा या दोहोंच्या मधला. पांढऱ्या दोऱ्यावरचे टाके दिसायला मधला उजेड मला सर्वांत बरा वाटला. पिवळ्या उजेडात दोऱ्याची छटा कळत नाही आणि निळसर उजेडात पांढऱ्यावर पांढरे चकाकते. हे मी सांगोवांगी ठरवले नाही. आईच्या टोपलीतला झालरीचा एक जुना तुकडा वहिनीकडून मागून पर्समध्ये ठेवला होता आणि प्रत्येक दिव्याखाली तो धरून पाहिला. दुकानदारांनी आनंदाने पाहू दिले. एकाने तर दुकानातले दिवे घालवून दाखवले. दिवा लुकलुकतो का, हे मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरल्यावर समजते. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा डोळ्यांना लवकर थकवू शकतो, जरी नुसत्या डोळ्यांना लुकलुक जाणवत नसली तरी. स्वस्त दिव्यांपैकी बरेच या एका कसोटीवर गळाले.

याखेरीज आईच्या सवयी पाहायच्या होत्या. काही दिवे बोटाच्या स्पर्शाने लागतात. ते दिसायला सुरेख असतात, पण आईचा हात स्वयंपाकघरातून ओलाच येतो आणि दिवा लागला की विझला याची तिला खात्री बटण दाबल्याच्या आवाजाने पटते. म्हणून दाबायचे बटण असलेलाच दिवा शोधला. तिच्या मोबाइलची चार्जिंगची वायर टाइप-सी आहे, तेव्हा दिव्यालाही तेच तोंड असावे, म्हणजे तिला नवी वायर सांभाळावी लागणार नाही, हेही पाहिले. वास्कोत पावसाळ्यात आणि क्वचित एरवीही वीज जाते, त्यामुळे बॅटरीवर चालणारा दिवा सोयीचा होता. मात्र काही दिवे चार्जिंगला लावलेले असताना पेटतच नाहीत, आणि ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते, ती दुकानातच वायर जोडून पाहावी लागते. बूड जड असावे, म्हणजे मान पुढे ओढल्यावर दिवा कलंडणार नाही. या सगळ्यांतून जो दिवा उरला त्याच्यावर ८९९ रुपये कमाल किंमत छापलेली होती. कमाल किंमत म्हणजे दुकानदाराला घेता येणारी सर्वांत जास्त किंमत, त्याहून कमी घ्यायला कायद्याची आडकाठी नसते, हे लक्षात ठेवून मी नम्रपणे विचारले आणि तो ६२० रुपयांना मिळाला. पक्के बिल घेतले.

सुईचे काम त्यामानाने लवकर झाले, पण त्यातही समजून घेण्यासारखे बरेच आहे. आईची सुई जुनी, सगळी पोलादी आणि पेन्सिलीतल्या शिशाएवढी बारीक. इतकी बारीक वस्तू तासन्तास धरायची म्हणजे अंगठा आणि तर्जनी घट्ट आवळून ठेवाव्या लागतात, आणि तो सगळा ताण अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येतो. वय झालेल्या बायकांमध्ये दुखऱ्या सांध्यांपैकी हा एक नेहमीचा सांधा. मूठ जाड आणि मऊ असली की तीच पकड कमी जोरात होते. टोक मात्र पूर्वीएवढेच बारीक हवे, नाहीतर टाक्याचा आकार बदलतो आणि अर्धी झालर एका मापाची व अर्धी दुसऱ्या मापाची दिसते. आई २० नंबरच्या दोऱ्याने काम करते. या दोऱ्यांत नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, आणि २० नंबरला सव्वा ते दीड मिलिमीटरचे टोक चालते. वहिनीने आई झोपल्यावर तिची सुई कागदावर ठेवून फोटो पाठवला आणि मुठीवर कोरलेला १.२५ हा आकडा वाचून सांगितला. मडगावच्या न्यू मार्केटमध्ये शिवणकामाचे सामान विकणाऱ्या दुकानात त्याच मापाची मऊ मुठीची सुई मिळाली. तिच्या जोडीला १ मिलिमीटरची आणखी एक घेतली, कारण आई कधीकधी ४० नंबरचा बारीक दोराही वापरते. दोन्हींचे २६० रुपये झाले.

दोऱ्याच्या बाबतीत वहिनीचा उपयोग सर्वांत जास्त झाला. पांढरा दोरा म्हणजे पांढरा, असे आपल्याला वाटते. पण शुभ्र, दुधी आणि कोऱ्या कापसाच्या रंगाचा असे त्याचे प्रकार असतात, आणि एकाच प्रकारातही रंगवण्याच्या प्रत्येक घाण्याची छटा किंचित निराळी उतरते. गोळ्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा, म्हणजे त्या घाण्याचा, क्रमांक छापलेला असतो. तो जुळला नाही तर धुतल्यावर झालरीत जोड उठून दिसतो. आईने एका रिकाम्या गोळ्याची पट्टी टोपलीत जपून ठेवली होती. वहिनीने तिचाही फोटो पाठवला. तोच लॉट मडगावात मिळाला नाही, वास्कोतल्या ज्या दुकानातून आई दोरा आणते तिथेच दोन गोळे शिल्लक होते. दोन्ही घेतले, १८० रुपयांना. दुकानदार आईला ओळखतात. त्यांना मी विनंती केली की नाताळपर्यंत हे तिला सांगू नका, आणि त्यांनी ते खरोखरच सांगितले नाही.

बांधणीसाठी चकचकीत कागद मला नको होता. क्रोशाचे पांढरे काम करताना मांडीवर गडद रंगाचे कापड पसरले की टाक्यांमधली भोके स्पष्ट दिसतात, ही गोष्ट विणकाम करणाऱ्या बायकांना माहीत असते, पण आई जुन्या पांढऱ्या टॉवेलवरच काम करीत असे. म्हणून गडद निळ्या सुती कापडाचा एक मीटर तुकडा ८५ रुपयांना घेतला, त्याच्या कडा घरी दुमडून शिवल्या आणि दिवा, सुया व दोरा त्यातच बांधले. सगळे मिळून १,१४५ रुपये झाले. उरलेल्या पैशांत जुन्या गोव्याच्या फेस्तातून, म्हणजे तिथल्या चर्चच्या जत्रेतून, सगळ्यांसाठी खाजे आणले.

आता प्रश्न राहिला तो वेळेचा. आमच्याकडे भेटी २५ डिसेंबरला सकाळची उपासना झाल्यावर दिल्या जातात. पण झालर नाताळच्या आधी पुरी व्हायची होती. मेजावर पांढरे आच्छादन घातले जाईल त्यानंतर दिवा देण्याला काय अर्थ? मी भावाशी बोलले. त्याला सुरुवातीला ते पटेना, कारण सगळ्यांनी एकत्र बसून भेटी उघडण्याची पद्धत वडिलांनी घातलेली आहे. मग आम्ही असे ठरवले की आईची भेट आगमनकाळातल्याच एका रविवारी द्यायची आणि २५ तारखेला तिच्या हाती नातवंडांनी काढलेले कार्ड द्यायचे, म्हणजे सगळ्यांबरोबर उघडायला तिच्याकडेही काहीतरी असेल. ज्या भेटीचा एखाद्या कामाला उपयोग व्हायचा आहे ती कामाच्या आधी पोचली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि सणाच्या तारखेने त्याच्या आड येऊ नये.

रविवारी जेवणे झाल्यावर गाठोडे तिच्यापुढे ठेवले. तिने आधी कापड उलगडून हातात चोळून पाहिले, मग सुईची मूठ धरली आणि टोकाचे माप विचारले. १.२५ ऐकल्यावर तिने वहिनीकडे पाहिले आणि सगळे ओळखले. दिवा खुर्चीच्या डाव्या बाजूला ठेवला, कारण ती उजव्या हाताने विणते आणि उजवीकडून उजेड आला तर हाताची सावली पुन्हा कामावरच पडली असती. मान तिने स्वतः वाकवली, निळे कापड मांडीवर घेतले आणि त्याच संध्याकाळी झालरीची एक ओळ विणली. अंगठा अजून दुखतो, पण पूर्वीएवढा लवकर दुखत नाही, असे ती म्हणते. दिवा ती सर्वांत कमी उजेडावर वापरते, त्यामुळे एका चार्जिंगमध्ये तिचा आठवडा निघतो. झालर २१ तारखेलाच पूर्ण झाली, धुऊन-वाळवून इस्त्री केली, आणि जोड कुठे आहे हे मलाही सापडले नाही.

शेजारच्या आंटींनी ते सगळे पाहिले आणि दुकानांचे पत्ते मागून घेतले. त्यांची सून त्यांच्यासाठी तसाच दिवा आणणार आहे. मी पत्ते लिहून दिले. दिवा कुणीही आणला तरी चालेल, पण सुई मात्र आंटींनी स्वतः दुकानात जाऊन हातात धरून पाहावी, असे सुनेला आवर्जून सांगितले, कारण आंटींची बोटे आईपेक्षा लांब आहेत, त्या सुई पेनासारखी न धरता मुठीत धरतात, आणि त्या पकडीला आणखी लांब मूठ लागेल.